किरणोत्सर्गी अपशिष्ट, न्यून पातळीचे : व्यवस्थापनविषयक निर्णय

अणुकेंद्रीय विक्रियक, इंधन प्रक्रिया केंद्रे, रुग्णालये, संशोधनसंस्था व उद्योगधंदे यांतून निघणाऱ्या आणि अल्प प्रमाणात किरणोत्सर्गी द्रव्यांनी दूषित झालेल्या टाकाऊ पदार्थांना ‘न्यून पातळीचे किरणोत्सर्गी अपशिष्ट’ म्हणतात. हातमोजे, कपडे, कागद, गाळण्या, हत्यारे इत्यादींचा त्यात समावेश होतो. एकूण किरणोत्सर्गी अपशिष्टाच्या घनफळाचा सु. ९० टक्के भाग या प्रकारचा असला, तरी एकूण किरणोत्सर्गितेपैकी सु. १ टक्काच त्यात असते. त्यामुळे येथील प्रश्न तीव्रतेपेक्षा राशीचा व कालावधीचा अधिक आहे.

मूलभूत पर्याय : व्यवस्थापनाचे तीन मार्ग आहेत. (१) साठवून क्षय होऊ देणे : वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या आयोडीन–१३१ चे अर्धायुष्य सु. ८ दिवस असल्याने सु. ८० दिवसांत त्याचा सु. एक-सहस्रांश भागच उरतो. (२) विरल करून सोडणे : शुद्धीकरणानंतर अतिसौम्य द्रव व वायू ठरावीक मर्यादेतच वातावरणात वा जलाशयात सोडतात. (३) संहत करून कोंडणे : दाबून वा जाळून घनफळ घटवितात व अवशेष सिमेंटसारख्या द्रव्यात घट्ट बसवून पुरतात. सिझियम–१३७ व स्ट्राँशियम–९० यांची अर्धायुष्ये सु. ३० वर्षे असल्याने हे कोंडणे सु. ३०० वर्षे टिकावे लागते. इतका काळ देखरेख कोणी करावयाची व तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हे निर्णयातील कळीचे प्रश्न होत.

सागरविसर्जनाचा मार्ग अनेक राष्ट्रांनी पूर्वी अवलंबिला होता. १९८३ मध्ये त्याला ऐच्छिक स्थगिती मिळाली व १९९३ मध्ये लंडन करारान्वये त्यावर बंदीचा निर्णय झाला.

अमेरिकेचा अनुभव : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६२–७१ या काळात सहा व्यापारी दफनभूमी सुरू झाल्या. साध्या चरांत पाणी शिरल्यामुळे वेस्ट व्हॅली (न्यूयॉर्क) व मॅक्सी फ्लॅट्स (केंटकी) येथे दूषित पाण्याचा प्रश्न उद्‌भवला आणि ती केंद्रे अनुक्रमे १९७५ व १९७७ मध्ये बंद पडली. १९७८ मध्ये शेफील्ड (इलिनॉय) हेही बंद झाल्याने साऱ्या देशाचा भार नेव्हाडा, वॉशिंग्टन व साउथ कॅरोलायना या तीन राज्यांवर पडला. १९७९ मध्ये पहिल्या दोहोंनी आपली केंद्रे तात्पुरती बंद केली, तर तिसऱ्याने स्वीकाराची मर्यादा घटविली. परिणामी १९८० च्या कायद्याने प्रत्येक राज्यावर आपल्या अपशिष्टाची जबाबदारी टाकली आणि राज्यांना गट करून सामाईक केंद्र उभारण्याची व गटाबाहेरील अपशिष्ट नाकारण्याची मुभा दिली. १९८५ च्या दुरुस्तीने मुदत वाढविली व जी राज्ये सोय करणार नाहीत त्यांनी अपशिष्टाची मालकी पत्करावी, असे ठरविले. परंतु हे कलम सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये घटनाबाह्य ठरविले. अनेक नियोजित जागा स्थानिक विरोधामुळे रद्द झाल्या. या गटयोजनेखाली प्रत्यक्षात उघडलेले नवे केंद्र एकच, ते टेक्सस राज्यातील अँड्रूझ परगण्यात (२०१२). भूविज्ञानदृष्ट्या योग्य जागा सापडली, तरी तेथील रहिवाशांची संमती मिळेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

अन्य देश : फ्रान्समधील ला मांश येथील केंद्रात १९६९–९४ या काळात सु. ५,२७,००० घ. मी. अपशिष्ट साठविण्यात आले. त्यानंतरच्या ओब येथील केंद्राची (१९९२) क्षमता सु. १० लक्ष घ. मी. असून भरल्यानंतर त्यावर सु. ३०० वर्षे देखरेख अपेक्षित आहे. स्वीडनने फॉर्समार्क येथे समुद्रतळाखाली सु. ६० मी. खोल खडकात गुहा खोदून १९८८ मध्ये केंद्र सुरू केले.

भारत : भारतात अणुकेंद्रांच्या आवारातच भूपृष्ठालगतची दफनकेंद्रे असतात, त्यामुळे अपशिष्ट दूरवर वाहून न्यावे लागत नाही. किरणोत्सर्गितेच्या पातळीनुसार दगडी चर, प्रबलित काँक्रीटचे चर वा खोल नळीसारखी विवरे वापरतात व भोवतालच्या भूजलाची नियमित तपासणी करतात. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ मध्ये झाली, तर सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७ मध्ये करण्यात आले. जागा, बांधणी व देखरेख यांविषयीचा निर्णय एका पिढीने घेतला, तरी तो पुढील दहा-बारा पिढ्यांना बांधून ठेवतो. म्हणून पुरलेल्या द्रव्याच्या अचूक नोंदी व पुरेसा राखीव निधी यांना तांत्रिक उपायांइतकेच महत्त्व आहे.