हाताखालून गेलेला माल: स्तनकर्करोगाच्या उपचारांविषयी थोडेसे

सराफ्यात ज्याची हयात गेली त्याला कसोटीवरील रेघ पाहताच सोन्याचा कस कळतो, आणि अडतीवरील जुना मुनीम मूठभर गहू तळहातावर घेऊन त्याची प्रत सांगतो. हे ज्ञान पोथीतून येत नाही; वर्षानुवर्षे माल हाताखालून जातो म्हणून येते. आपण व्यापारी हे पुरते जाणतो. परंतु घरातील स्त्रीच्या स्तनात गाठ आढळली की हाच विवेक आपणांस सोडून जातो. डॉक्टर ओळखीचे आहेत, हरिशंकरपुरमपासून रुग्णालय जवळ आहे, एवढ्यावर निर्णय होतो.

आमच्या वहिनींच्या बाबतीत असेच झाले. एका लहानशा खासगी रुग्णालयात अर्ध्या तासात गाठ काढण्यात आली. आधी सुईने तुकडा घेऊन तपासणी झाली नव्हती. काढलेल्या गाठीच्या कडांवर खुणाही केलेल्या नव्हत्या. पुढे निदान कर्करोगाचे आले, तेव्हा कोणत्या बाजूस रोग शिल्लक राहिला हे कोणासच सांगता येईना, आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. त्या शस्त्रवैद्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पित्ताशय, अंतर्गळ, मूळव्याध ही त्यांची नित्याची कामे. स्तनाचा कर्करोग त्यांच्याकडे वर्षातून दोन-तीनदाच येत असे.

या रोगाचा उपचार म्हणजे केवळ गाठ कापणे नव्हे. प्रथम जाड सुईने तुकडा घेऊन निदान पक्के करावयाचे. मग आधी शस्त्रक्रिया की आधी औषधे, हे ठरवावयाचे. स्तन राखता येईल काय, हेही पाहावयाचे. काखेतील सर्व ग्रंथी काढाव्यात, की निळे रंगद्रव्य टोचून पहिल्या काहीच तपासाव्यात, हा आणखी एक प्रश्न. ही दुसरी रीत वारंवार केल्यावाचून हाती बसत नाही; आणि ग्रंथी विनाकारण काढल्या गेल्या तर हातास कायमची सूज येऊ शकते.

शस्त्रवैद्याइतकेच महत्त्व प्रयोगशाळेस आहे, याची आपणांस बहुधा कल्पना नसते. काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये पडावा, असा दंडक आहे. तो बाहेर तसाच राहिला तर संप्रेरकांची चाचणी चुकून नकारार्थी येऊ शकते. आणि ती तशी आली म्हणजे ज्या साध्या गोळ्यांनी पुढील पाच-दहा वर्षे रोगाला आवर बसला असता, त्या रुग्णास दिल्याच जात नाहीत. जेथे असे तुकडे रोज येतात तेथे हे भान परिचारिकेलाही असते.

आता आकडे पाहू. पश्चिम स्कॉटलंडमधील ३,७८६ स्त्रियांच्या नोंदी तपासून १९९६ साली असे दाखविण्यात आले की, स्तनरोगातच विशेष लक्ष घालणाऱ्या शस्त्रवैद्यांकडे गेलेल्या रुग्णांचा मृत्यूचा धोका इतरांहून १६ टक्क्यांनी कमी होता. वय, गाठीचा आकार, ग्रंथींतील प्रसार आणि आर्थिक स्थिती यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला. न्यूयॉर्क राज्यातील १९९८ सालच्या अभ्यासात वर्षाला दहा किंवा त्याहून कमी शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये आणि दीडशेहून अधिक करणारी रुग्णालये यांची तुलना झाली. पहिल्या प्रकारात पाच वर्षांतील मृत्यूचा धोका ६० टक्क्यांनी अधिक आढळला. युरोपातील तज्ज्ञसंस्थेने तर मापच घालून दिले आहे: केंद्राकडे वर्षाला निदान १५० नवे रुग्ण, आणि प्रत्येक शस्त्रवैद्याकडे निदान ५० शस्त्रक्रिया. मोठ्या केंद्रांत अधिक सुस्थितीतील रुग्ण जात असतील, ही शंका रास्त आहे, आणि ती अशा अभ्यासांतून पूर्णपणे फिटत नाही. तथापि देशोदेशी कौल पुष्कळदा एकाच बाजूस पडतो.

आपल्याकडे एकाच रोगास वाहिलेली संस्था म्हणजे मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यानंतर टाटांच्या न्यासाने हे रुग्णालय उभारले व ते १९४१ साली उघडले. एका व्यापारी घराण्याचे हे दान आहे, हे आपण लक्षात ठेवण्याजोगे.

अनुभव म्हणजे मोठी पदवीच, असे मात्र नव्हे. याच संस्थेने १९९८ पासून मुंबईतील झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत साध्या शिक्षणाच्या, परंतु नीट शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करीत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तेथे रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा मिळून हिशेब करता मात्र घट निर्विवाद ठरली नाही. धर्मादायातून मॅमोग्राफीचे यंत्र घेण्याचा विचार करणाऱ्या बंधूंनी हे अवश्य ध्यानी घ्यावे. यंत्र विकत मिळते. त्याची चित्रे वाचणारी नजर मिळत नाही. इंग्लंडमध्ये ती वाचणाऱ्या तज्ज्ञाने वर्षाला पाच हजार चित्रे पाहावीत अशी अपेक्षा असते.

म्हणजे प्रत्येकाने मुंबईच गाठावी काय? तसे नव्हे. विलंबही घातकच. ग्वाल्हेरात कर्करोग रुग्णालय आहे, जयारोग्य रुग्णालय आहे. कोठेही गेलात तरी संकोच न बाळगता विचारावे, की आपण वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, आणि शस्त्रक्रियेपूर्वी औषधोपचार व किरणोपचार यांचे तज्ज्ञ एकत्र बसून विचार करतात काय. मालाचा भाव विचारताना आपण लाजत नाही. उपचारांची आखणी अनुभवी केंद्रात करून घेऊन पुढील औषधे व शेक पुष्कळदा गावातच घेता येतात. २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याचा, म्हणजे नॅशनल कॅन्सर ग्रिडचा, एक हेतू हाच आहे.

पंजाब मेलने मुंबईस जाण्याचे ठरलेच, तर केवळ अहवालाचा कागद नेऊ नये. प्रयोगशाळेतून मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात. त्या मिळाल्या तर तेथील तज्ज्ञ त्या पुन्हा पाहू शकतात, आणि नवा तुकडा घेण्याचे पुष्कळदा टळते.