डिक्कीतला सबवूफर: फ्यूज बॅटरीजवळच का?

कळंबमध्ये सुताराकडून एमडीएफचा खोका करून घेतला, त्यात सबवूफर बसवला, इथवर सोपं आहे. खरी जोखीम वायरिंगमध्ये असते.

बॅटरी बॉनेटखाली, अॅम्प्लिफायर डिक्कीत. मधली चार-पाच मीटर वायर पत्र्याच्या भोकातून जाते. खड्ड्यांतून गाडी हादरली की इन्सुलेशन घासतं आणि तांबं बॉडीला टेकतं. बॉडी म्हणजे बॅटरीची मायनस बाजू, म्हणजे थेट शॉर्ट. वायर तापून आग लागू शकते. अशा वेळी अॅम्प्लिफायरवरचा फ्यूज काय करणार? काहीच नाही, करंट तिथपर्यंत पोचतच नाही ना! म्हणून बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत वेगळा फ्यूज हवाच. तो अॅम्प्लिफायरला नाही, वायरला वाचवतो.

किती अँपिअरचा? समजा ५०० वॅट आरएमएसचा क्लास-डी अॅम्प्लिफायर आहे. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर तो ६२५ वॅट ओढतो. भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे साधारण ४५ अँपिअर. मग १६ स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर आणि ६० अँपिअरचा फ्यूज घ्या. वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असेल तर एक साइज जाड घ्या. भोकात रबरी ग्रोमेट बसवा.

खोका बंद करण्याआधी कॉइल तपासा. ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरललमध्ये २ ओहम होतात, सिरीजमध्ये ८. अॅम्प्लिफायरवर किमान ४ ओहम लिहिलं असेल, तर पॅरलल जोडू नका.

आणि हो, बॅटरीजवळचा फ्यूज सगळं जोडून झाल्यावर, शेवटी लावायचा.