सॉकेट तेच, पण प्रोसेसर चालत नाही! जुना कॉम्प्युटर अपग्रेड करण्याआधी हे बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून घरी मुलांसाठी घेतलेला डेस्कटॉप असो, मोहल्ल्यातली अभ्यासिका असो की मदरशाची कॉम्प्युटर रूम, प्रश्न एकच आहे. विंडोज ११ टाकायला गेलं की हा प्रोसेसर चालणार नाही, असा निरोप येतो. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहेत.

मग कुणीतरी सल्ला देतं, "सहाव्या पिढीचा आय५ काढा, सेकंड-हँड आठव्या पिढीचा टाका. दोन्हीचं सॉकेट एलजीए ११५१ आहे." ऐकायला बरोबर वाटतं, पण पैसे इथेच बुडतात.

सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती चौकोनी जागा. प्रोसेसरला वीज आणि माहिती दोन्ही तिथूनच मिळते. एलजीए प्रकारात पिना सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरच्या खाली फक्त सपाट सोनेरी ठिपके. ११५१ हा संपर्काच्या या जागांचा आकडा. हे सॉकेट २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर आलं, सातवी पिढीही त्यातच चालली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा इंटेलने आकडा तोच ठेवला, पण काही पिनांची कामं बदलली. आय५ मध्ये चारचे सहा कोर झाले होते. आधी राखून ठेवलेल्या काही पिना विजेच्या कामाला लावल्या गेल्या, वीज देणाऱ्या पिना १२८ च्या १४६ झाल्या. म्हणजे नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात बसतो, पण कॉम्प्युटर सुरू होत नाही. उलटंही तसंच.

काही हौशी लोकांनी बायोसमध्ये फेरफार करून जुन्या बोर्डांवर आठवी पिढी चालवून दाखवली आहे, त्यामुळे हा बदल खरंच इतका गरजेचा होता का, ही शंका राहतेच. पण देणगीच्या पैशातून घेतलेल्या मशीनवर असले प्रयोग नकोत, ती अमानत आहे.

म्हणून सॉकेटपेक्षा बोर्डाचा चिपसेट बघा. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, 'मेनबोर्ड' मध्ये तो दिसेल. एच११०, बी१५०, बी२५०, झेड२७० असेल तर सहावी आणि सातवी पिढीच. एच३१०, बी३६०, झेड३९० असेल तर आठवी, नववी. जुना बोर्ड निघाला तर नुसता प्रोसेसर घेऊ नका, बोर्ड आणि प्रोसेसरची जोडीच मागा.

एएमडीवाल्यांचं नशीब बरं. त्यांच्या एएम४ सॉकेटमध्ये १३३१ पिना, आणि त्या प्रोसेसरलाच असतात. २०१७ च्या पहिल्या रायझनचा बी३५० बोर्ड असेल, तर बऱ्याच कंपन्यांनी दिलेल्या नव्या बायोसनंतर त्यावर रायझन ५००० मालिकाही चालते. फक्त बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढायच्या आधी करा, नंतर स्क्रीनच येणार नाही.

सेकंड-हँड इंटेल बोर्ड घेताना दुकानातच सॉकेटचं झाकण उघडायला सांगा आणि मोबाईलच्या टॉर्चने तिरकं बघा. पिनांच्या रांगेत एखादी जरी वाकडी चमकली, तरी तो बोर्ड परत द्या. कधी रॅमचा एक स्लॉट बंद पडतो, कधी कॉम्प्युटरच सुरू होत नाही, आणि घरी आणल्यावर दुकानदार म्हणतो, पिन तुम्हीच वाकवली.