फळ्याकडे तोंड करून बोलू नका

चौथीतला एक मुलगा तोंडी सगळं घडाघडा सांगतो. वाचायला उभं केलं, की ‘घर’चं ‘धर’ होतं आणि ‘भाजी’ची ‘माजी’. वहीत जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. प्रगतिपुस्तकातला शेरा ठरलेला: ‘अभ्यासात लक्ष नाही.’ शेरा लिहिणाऱ्या बाई मनापासून शिकवतात. पण असं मूल कसं ओळखायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शिक्षकांना जे प्रशिक्षण हवं, त्याबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज: ही मुलं विशेष शिक्षकांची.
वस्तुस्थिती: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 शासनमान्य आणि अनुदानित शाळांकडून समावेशक शिक्षणाची अपेक्षा करतो, शिक्षकांच्या प्रशिक्षणाची तरतूदही त्यातच आहे. 2022 मध्ये केंद्र सरकारने अशा 10 मुलांमागे प्राथमिक स्तरावर 1 विशेष शिक्षक आणि त्यापुढे 15 मुलांमागे 1, असं प्रमाण ठरवून दिलं. मात्र विशेष शिक्षकाकडे अनेकदा बऱ्याच शाळा असतात. तो ठरल्या दिवशी येतो. बाकीचे दिवस मूल वर्गशिक्षकासमोरच असतं.

गैरसमज: अडचण असेल तर ती दिसेलच.
वस्तुस्थिती: 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. यातली कितीतरी मुलं चारचौघांसारखीच दिसतात, म्हणूनच ‘आळशी’, ‘हट्टी’ असे शिक्के त्यांच्यावर पटकन बसतात.

गैरसमज: प्रशिक्षण घेतलं, म्हणजे निदानही शिक्षकानेच करायचं.
वस्तुस्थिती: शिक्षकाचं काम पाहणं, नोंदवणं आणि पुढे पाठवणं. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ या तपासणी सूचीत पहिली नोंद वर्गशिक्षक करतात, दुसरी विशेष शिक्षक. या सूचीवरून प्रमाणपत्र मिळत नाही. त्यासाठी तज्ज्ञांची तपासणी लागतेच.

गैरसमज: या मुलांना शिकवायला महागडी साधनं आणि वेगळा वर्ग हवा.
वस्तुस्थिती: साधनं काही मुलांना लागतात. पण कमी ऐकू येणाऱ्या मुलीला ओठांच्या हालचालींचा मोठा आधार असतो. बाई फळ्यावर लिहिता लिहिता बोलल्या, की तो आधारच तुटतो. आधी लिहावं, मग वळून बोलावं. तिला पुढच्या बाकावर, बाईंचा चेहरा नीट दिसेल असं बसवावं. याला एक रुपयाही लागत नाही. सूचना एका वेळी एकच देणं, मोठा उतारा तुकड्यांत देणं, लेखी उत्तर जमत नसेल तर तोंडी ऐकणं, हेही असंच बिनखर्चाचं. पण हे सरावाने अंगवळणी पडतं. एका दिवसाच्या व्याख्यानाने नाही.

गैरसमज: परीक्षेतली सवलत म्हणजे इतरांवर अन्याय.
वस्तुस्थिती: परीक्षा विषय किती कळला ते तपासते. हात सावकाश चालणाऱ्याला जादा वेळ किंवा लेखनिक दिला, म्हणून उत्तर कुणी आयतं देत नाही. दहावी-बारावीला या सवलती प्रमाणपत्रावर मिळतात. चौथीत लक्षात आलेल्या मुलाला मधली सहा वर्षं मदत मिळू शकते. दहावीचा फॉर्म भरताना लक्षात आलं, तर हातात उरते ती नुसती धावपळ.

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या शाळेतल्या किती शिक्षकांनी हे प्रशिक्षण घेतलंय?