धुक्यांतील दिवे

पावसाळ्यांत खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटांत ढग रस्त्यावर उतरतात. पौषाच्या पहाटेस उत्तर हिंदुस्थानच्या मैदानांत जमिनीलगतची हवा गार होऊन धुकें दाटतें. कारणें निरनिराळीं असलीं तरी मोटार चालविणाराची अडचण एकच असते: समोरचें दिसत नाहीं. अशा वेळीं दिवा मोठा करावा असें प्रथम मनांत येतें, आणि नेमकें तेंच घातक ठरतें.

धुकें म्हणजे हवेंत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. मुख्य दिव्यांचा लांबचा झोत त्यांवर पडला म्हणजे त्याचा कांहीं भाग विखुरून चालकाच्याच डोळ्यांकडे परततो व समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून धुक्यांत झोत खालीं ठेवावा, हा पहिला नियम. धुक्यासाठीं म्हणून जे वेगळे दिवे असतात, ते याच कारणानें पुढच्या बाजूस अगदीं खालीं बसवितात. युरोपांत प्रचलित असलेल्या नियमाप्रमाणें साध्या मोटारीवर ते जमिनीपासून २५० ते ८०० मिलिमीटर उंचीवर असले पाहिजेत. त्यांचा झोत रुंद व आंखूड असतो. तो दृष्टिरेषेच्या खालून जातो आणि रस्त्याची कड तेवढी उजळतो. दूरचें दाखविण्याचें सामर्थ्य त्यांत नाहीं. ते पिवळे असले म्हणजे धुकें भेदतात, हा समजही फारसा खरा नाहीं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षां पुष्कळच मोठे असल्यामुळें ते पिवळा व पांढरा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात.

मागल्या दिव्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. तो चालकाला कांहींच दाखवीत नाहीं. तो केवळ मागून येणाऱ्याकरितां असतो. ब्रिटनमध्यें १ एप्रिल १९८० पासून प्रथम वापरांत आलेल्या मोटारींवर तो सक्तीचा आहे. नेहमींच्या मागल्या लाल दिव्याहून तो अनेक पटींनीं प्रखर असतो. दाट धुक्यांत ही प्रखरता जीव वांचविते. पण धुकें विरल्यावर तोच दिवा मागच्याचे डोळे दिपवितो, आणि ब्रेक दाबतांच लागणारा लाल दिवा त्याच्या तेजांत चटकन् ओळखूं येत नाहीं. ज्याला सावध करावयाचें त्यालाच फसविल्यासारखें होतें. म्हणूनच हा दिवा लावण्याइतकेंच तो वेळेवर मालविणेंही महत्त्वाचें आहे.

ब्रिटनच्या नियमाप्रमाणें, साधारणपणें १०० मीटरांहून कमी अंतरापर्यंतच दिसत असेल तेव्हांच पुढचे वा मागचे धुक्याचे दिवे लावावयाचे, आणि स्वच्छ दिसूं लागतांच ते बंद करावयाचे. मागल्या दिव्यापुरता जर्मनीचा नियम आणखी कडक आहे. धुक्यामुळें ५० मीटरांपलीकडचें दिसेनासें झालें तरच तो लावतां येतो. नुसत्या पावसासाठीं नाहीं. शिवाय इतक्या अंधुक वेळीं ताशीं ५० किलोमीटरांहून अधिक वेग ठेवण्यास मनाई आहे. तेथें रस्त्याच्या कडेचे खुंट सामान्यतः ५० मीटरांवर असतात. त्यामुळें पुढचा खुंट दिसतो कीं नाहीं एवढें पाहिलें कीं झालें.

जेथें असे खुंट नाहींत तेथें साधें गणित उपयोगी पडतें. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. या वेगानें जातांना एखादें झाड प्रथम दिसल्यापासून तें बाजूस येईपर्यंत ५ सेकंद लागले, तर दृष्टि ५० मीटर पोंचते असें समजावें. हेंच अंतर ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार ३ सेकंदांत तोडते. दिवे कोणतेही असोत, दिसते तेवढ्या अंतरांत थांबतां येईल इतकाच वेग ठेवला पाहिजे.

घाटांत पुष्कळ चालक चारी कोंपऱ्यांचे लुकलुकणारे दिवे लावून गाडी चालवितात. हेतु चांगला असला तरी रीत चुकीची आहे. ते दिवे थांबलेल्या वाहनाची खूण होत. चालत्या गाडीवर ते लावले तर ती उभी आहे कीं चालली आहे, आणि कोणत्या बाजूस वळणार, हें मागच्याला कळत नाहीं. पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांवर नजर खिळवून तिच्या पाठीशीं चिकटून जाणेंही तितकेंच धोक्याचें. ती एकाएकीं थांबली तर सांवरण्यास अवकाश उरत नाहीं.

घाट उतरून हवा मोकळी झाली कीं समोरच्या फळीवरील खुणेचा दिवा एकदां पाहावा. मागला दिवा जळत राहिला तरी त्याचा त्रास चालकाला स्वतःला जाणवत नाहीं; म्हणून तो आठवणीनेंच मालवावा लागतो.