पैसे गेले, निरोप कुठे अडकला?

मोबाइलवरून पैसे पाठवले, खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेशही आला. पण दुकानदार म्हणतो, ‘अजून जमा नाहीत.’ अशा वेळी बहुतेकदा पैसे हरवलेले नसतात. वाटेत अडकलेला असतो तो बँकांमधला निरोप.

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेत सर्व्हर एकमेकांशी एक्सएमएल पद्धतीने लिहिलेल्या संदेशांतून बोलतात. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत प्रत्येक माहितीवर नावाची चिठ्ठी असते : ही रक्कम, हे खाते, हा व्यवहार क्रमांक. त्यामुळे बँकांच्या प्रणाली वेगवेगळ्या असल्या तरी एकीचा मजकूर दुसरीला कळतो.

असे संदेश हाताळणारी यंत्रणा रचताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, संदेशाचा खरेपणा. प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असते. वाटेत एक आकडा बदलला तरी सही जुळत नाही. दुसरी, वेळ. पलीकडचे उत्तर येईपर्यंत प्रत्येक सर्व्हर ताटकळत राहिला, तर गर्दीच्या वेळी सगळेच ठप्प होईल. म्हणून संदेश मिळताच फक्त पोच दिली जाते आणि खरे उत्तर नंतर स्वतंत्रपणे येते. पोच म्हणजे ‘निरोप मिळाला’, ‘काम झाले’ नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. उत्तर आले नाही, तर पुन्हा विचारावे लागते. पण त्यामुळे पैसे दोनदा कापले जाता कामा नयेत. म्हणून व्यवहार क्रमांक आधी नोंदींशी ताडून पाहिला जातो. चौथी, घातपात. एक्सएमएलमध्ये एका शब्दात दहा शब्द, त्या प्रत्येकात आणखी दहा, असे दडवता येतात. नऊ पायऱ्यांत त्यांचे शंभर कोटी होतात आणि सर्व्हरची स्मृती भरून जाते. अशा व्याख्या वाचण्यासच नकार देणे, हा त्यावरचा सोपा उपाय.

एवढे करूनही निरोप कधीतरी अडकतोच. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. व्यक्तीला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर पुढच्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला व्यवहाराची खात्री मिळाली नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. त्यामुळे व्यवहार ‘प्रलंबित’ दिसत असेल, तर घाईने पुन्हा पैसे पाठवू नयेत. ती दुसरी रक्कम यंत्रणेला नवा व्यवहारच वाटते.