न पाहिलेल्या माणसाचा दात

रूट कॅनालनंतर कॅप बसवून घेताना पेशंट डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतो: झिर्कोनियाची आहे का, आणि वॉरंटी किती वर्षांची? ती बनवणार कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. कॅप तयार होते डेंटल लॅबमध्ये. तिथल्या सिरॅमिस्टने पेशंटला बहुधा पाहिलेलेच नसते. त्याच्यापर्यंत येतो तो दातांचा साचा किंवा स्कॅनची फाइल, आणि सोबत लॅबची चिठ्ठी. माझ्या मते कॅपचे नशीब निम्मेअधिक त्या चिठ्ठीवरच ठरते.

पुष्कळ चिठ्ठ्यांवर रंगाच्या रकान्यात नुसते ‘ए२’ असते. ही खूण व्हिटा या जर्मन कंपनीच्या, १९५६ पासून चालत आलेल्या रंगपट्टीतली. पट्टीवर सोळा छटा: ए तांबूस तपकिरी, बी तांबूस पिवळ्या, सी करड्या, डी तांबूस करड्या. पण खरा दात हिरडीपाशी पिवळसर असतो, मध्ये उजळतो आणि चावायच्या कडेला निळसर, आरपार दिसेलसा होतो. एका अक्षरात आणि एका आकड्यात हे मावत नाही. शिवाय तोंड उघडे राहून दात सुकला की तो पांढरट दिसू लागतो. म्हणून रंग घासकामाच्या आधी, शक्यतो दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून ठरवायचा. आणि पट्टीतला दात शेजारी धरून फोटो काढायचा. असा एक फोटो आला की सिरॅमिस्टचे अर्धे अंदाज वाचतात.

पुढचे काम ब्रशचे. पोर्सिलेनची पूड द्रवात कालवून आधी आतल्या दंतिनाचा थर द्यायचा, त्यावर इनॅमलचा. दोन्हींच्या मध्ये, कोवळ्या दातात दिसतात तसे उभे उंचवटे. भट्टीत पोर्सिलेन आकसते, म्हणून दात मुद्दाम मोठा रचतात. निर्वात भट्टीत, साधारण नऊशे अंशांच्या आसपास, तो भाजून निघाला की उणे राहिलेले भरायचे आणि पुन्हा भाजायचे. आकसण्याची ही डोकेदुखी जुनीच. १७७४ च्या सुमारास पॅरिसजवळच्या द्युशातो नावाच्या औषधविक्रेत्याने पोर्सिलेनची कवळी करवून घेतली, तेव्हा त्यालाही तिनेच छळले होते. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स लँड यांनी पूर्ण पोर्सिलेनची कॅप मांडली. ती दिसे सुरेख, पण सहज फुटे. साठच्या दशकात धातूवर पोर्सिलेन चिकटवण्याची पद्धत रुळली आणि ताकद आली. त्याबरोबर हिरडीशी दिसणारी काळपट रेघही आली.

झिर्कोनियाने ती रेघ घालवली. खडूसारख्या मऊ चकतीतून मशीन कॅप कोरते, तीही वीस-पंचवीस टक्के मोठी. मग दीडहजार अंशांच्या आसपास भाजताना ती आकसून मापात येते. तडा जाऊ लागला की त्याच्या टोकाशी झिर्कोनियाचे स्फटिक रूप बदलून फुगतात आणि तडा दाबून धरतात. दाढेला याहून चांगले काय हवे? समोरच्या दाताला मात्र मी लिथियम डायसिलिकेट निवडीन. कोरताना ते चक्क जांभळट-निळे असते, साडेआठशे अंशांच्या आसपास गेल्यावर दाताच्या रंगाचे होते. ताकद झिर्कोनियाच्या निम्म्याहून कमी, पण उजेड दातासारखा आत शिरतो. अशा वेळी घासलेल्या दाताचा रंगही चिठ्ठीत हवा, कारण खालचा काळा दात वर डोकावतो.

कॅप टिकण्याचा प्रश्न लॅबच्या बाहेरही तितकाच आहे. डॉक्टरांनी दात पुरेसा घासला नसेल तर लॅबने करायचे काय? कॅप जाडी तरी होते, नाहीतर पातळ. कड अस्पष्ट असेल तर फट राहते आणि आत कीड शिरते. चिकटवण्याची रीतही वेगळी: डायसिलिकेटची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरखरीत करतात, झिर्कोनियावर त्या आम्लाचा तसा परिणाम होत नाही, त्याला वेगळे प्रायमर लागते. चावा जुळवताना कॅप घासली आणि पॉलिश करायचे राहिले, तर खरखरीत पृष्ठभाग समोरचा दात झिजवतो.

१९४८ च्या डेंटिस्ट्स अॅक्टमध्ये लॅबमधल्या कारागिराला ‘डेंटल मेकॅनिक’ म्हटले आहे. समोरच्या दातांसाठी काही डॉक्टर या मेकॅनिकलाच पेशंटसमोर बसवतात, किंवा निदान बिस्क ट्रायल मागवतात. म्हणजे चकाकी देण्याआधीची कॅप तोंडात लावून बघायची. ओठ हलताना, ‘फ’ म्हणताना कड कुठे लागते ते या वेळी कळते, आणि बदल करायला अजून वाव असतो. एक फेरी वाढते, पैसेही थोडे वाढतात. पुढचे दात करून घेणाऱ्याने वॉरंटी कार्डाच्या आधी ही ट्रायल मागावी.